रिस्पाच्या गोणपाटाला पितळी रिंगा

३ फेब्रुवारी

प्रिय घाईबाई,

सप्रेम सलाम.

पहिलं प्रकरण मिळालं. एका बैठकीत वाचलं, मग पेन्सिल घेऊन पुन्हा वाचलं. तू लिहितेस छान, त्याबद्दल वाद नाही. लग्नात चर्चमध्ये पाळकांचा प्रश्न पुरा व्हायच्या आत ‘हो’ म्हणून मोकळी झाली होतीस, तेव्हापासून मी तुला घाईबाई म्हणते. कागदावरही तुझी तीच तऱ्हा आहे. एक वाक्य संपत नाही तोच दुसरं दारात हजर.

आता मुद्द्याचं. आमच्या छापखान्याच्या बायबलवरच्या पुस्तकमालेची अट एकच आहे. शास्त्रातल्या बायकांवर कादंबऱ्या लिहा, पण शास्त्राच्या विरुद्ध एक अक्षर नको. मी निवृत्त झाले असले तरी तपासायला पानं अजून माझ्याकडेच येतात, आणि भावाची बायको म्हणून तुला सूट मिळायची नाही. रिस्पाची हकिकत शास्त्रात जेमतेम चार ओळींची. शौल राजाची उपपत्नी. शौलानंतर दुष्काळ पडला. त्याने केलेल्या रक्तपाताची भरपाई म्हणून गिबोनी लोकांनी त्याच्या घराण्यातले सात पुरुष मागितले आणि दावीद राजाने ते दिले. सातांना डोंगरावर टांगलं. त्यांत रिस्पाचे दोन मुलगे. तिने खडकावर गोणपाट अंथरलं आणि कापणीच्या हंगामाच्या सुरुवातीपासून आभाळातून पाणी पडेपर्यंत ती तिथे बसली. दिवसा पाखरांना आणि रात्री जनावरांना तिने प्रेतांना शिवू दिलं नाही. एवढंच. त्यात ती एक शब्दही बोलत नाही. तू मात्र तिला पहिल्याच प्रकरणात पानंच्या पानं बोलायला लावलं आहेस. राजाला शिव्याही घातल्यास. त्यांतल्या एक-दोन मलाही नवीन होत्या.

ते भाषण कापावं लागेल.

टिल्लू गेल्यावर तुझ्या हाताला काम हवं म्हणून मीच हे तुझ्यामागे लावलं. पाणीखात्याच्या कामावर बोगदा खचला, तो आणि त्याच्याबरोबरचे सहा जण आतच राहिले, यावर आपलं काही चालणार नव्हतं. बोगद्याच्या तोंडाशी प्रार्थना झाली त्या दिवशी सांगितलं तेच पुन्हा सांगते. माती आत राहिली काय नि बाहेर आली काय, मातीच. आपला मुलगा प्रभूजवळ आहे. तू माझं ऐकून घरी परतलीस, मला बरं वाटलं. बाळ्याला वेळेवर जेवायला घाल. तुझा नवरा असला तरी माझा धाकटा भाऊ आहे.

तुझी नणंद


११ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

सलाम. तुमचं पत्र ह्यांनी आणून दिलं आणि मी उभ्याउभ्याच वाचलं.

मुळीच नाही कापणार! आई आहे हो ती. पोटची दोन पोरं समोर टांगलेली, आणि ती चकार शब्द काढत नाही? मला भाजीवाल्याने शिळी मेथी दिली तरी मी सगळा रस्ता डोक्यावर घेते. शास्त्र लिहिणारे सगळे पुरुष. बाई काय बोलली ते ऐकायला त्यांच्यातला एक तरी त्या डोंगरावर चढला होता का? मी बालवाडीत गोष्ट सांगताना नोहाच्या तारवात उंदरांना वेगळी खोली दिली होती, तेव्हाही तुम्ही पाळकांकडे चुगली केली होती. त्या उंदरांनी शास्त्राचं काय वाकडं केलं?

रागावू नका. हात थांबत नाहीत हल्ली. लिहिते, खोडते, उठते, फेरी मारून येते, पुन्हा बसते. वारा असा की कागदावर दगड ठेवून लिहावं लागतं. घरी सगळं ठीक. हे रोज दुकानात जातात, गाड्यांच्या सीटांची कव्हरं शिवतात, जेवतातही. बालवाडीतून मी अजून रजेवर आहे.

दुसरं प्रकरण सोबत आहे. यात ती रात्री काय करते ते आहे. भाषणही आहे, आधीच सांगून ठेवते.

तुमची घाई


२० फेब्रुवारी

प्रिय घाईबाई,

सलाम. उंदरांचं मी विसरले होते, तू नाहीस.

दुसरं प्रकरण मी आमच्या जुन्या पद्धतीने तपासलं. छापखान्यात आम्ही दोघी समोरासमोर बसत असू. एकीने मोठ्याने वाचायचं, स्वल्पविराम, पूर्णविराम सगळं तोंडाने म्हणायचं, आणि दुसरीने मूळ प्रतीवर बोट ठेवून पाहायचं. जोडीदारीण राहिली नाही, म्हणून मी स्वतःच वाचते आणि स्वतःच बोट ठेवते. शेजारीण विचारत होती, कोणाशी भांडताय म्हणून.

तर चुका. तुझ्या रिस्पाच्या गोणपाटाला दुहेरी दुमड आहे आणि कडेने पितळी रिंगा आहेत, त्यांतून दोरी ओवलेली आहे. शौलाच्या काळात अशा रिंगा कोण ठोकत होतं? दुसरं, वळणावर दिवे दिसले की ती उठून वाटेत उभी राहते. कोल्ह्या-लांडग्यांना दिवे नसतात. तिसरं, पहाटे तिची ‘पाळी’ बदलते. कोणाबरोबर? शास्त्रात ती दिवसाही एकटी आणि रात्रीही एकटी.

घाईत लिहितेस म्हणून होतं असं. आणि ते दगडाचं काय काढलंस? खिडकी लाव आणि टेबलाशी नीट बसून लिही. भाषणाबद्दल माझं मत बदललेलं नाही.

नणंद


२ मार्च

प्रिय वन्सं,

रिंगा काढल्या. दिवे काढले. पाळी खोडली. झालं समाधान?

आता माझ्या एका प्रश्नाचं उत्तर द्या, आणि लवकर द्या. शेवटी त्या सातांचं काय झालं? राजाला कळलं, त्याने माणसं पाठवली, अस्थी आणल्या, पुरल्या, असं मला पुसटसं आठवतं. पण घरी जाऊन पुस्तक बघणं म्हणजे… बघणं झालं नाही. तुम्हाला तर तोंडपाठ. पुरलं ना त्यांना? शेवटचं प्रकरण मला महिनाअखेरीच्या आत लिहायचंय. का ते विचारू नका, लेखकांचं असं काहीतरी असतं.

मध्ये अवेळीच पाऊस येऊन गेला, हे कागद भिजले त्यातच. शास्त्रात पाणी पडलं आणि राजा हलला. इथे पाणी पडलं आणि फक्त चिखल झाला. इथे म्हणजे माझ्या प्रकरणात.

झोप नाही. जेवण गिळते. तुमच्याशी वाद घालताना तेवढं बरं वाटतं, म्हणून वाद घाला.

घाई


१२ मार्च

प्रिय घाईबाई,

सलाम. तुझ्या प्रश्नाचं उत्तर गोड करून देता येत नाही म्हणून दोन दिवस पत्र अडवून ठेवलं.

शास्त्रात आहे ते असं. रिस्पाने काय केलं ते दाविदाला कोणीतरी कळवलं. मग त्याने शौलाच्या आणि त्याचा मुलगा योनाथान याच्या अस्थी लांबच्या गावाहून आणवल्या, आणि त्या सातांच्या अस्थीही लोकांनी गोळा केल्या. पुरल्या असं जिथे स्पष्ट म्हटलं आहे, तिथे आमच्या प्रतीत नाव शौलाचं आणि योनाथानाचं. सातांची हाडं गोळा केली, इथपर्यंतच लिहिलेलं आहे. पुढे पुरली असतील. मला तसं वाटतं. पण लिहिलेलं नाही ते लिहिलेलं आहे असं मी तुला सांगणार नाही, आजही नाही.

आता तू माझ्या प्रश्नाचं उत्तर दे. तुझी पानं उलगडली तेव्हा त्यांतून राखाडी भुकटी माझ्या टेबलावर पडली. ओल्या फडक्याने पुसली तर टेबलाला चिकटून बसली. बालवाडीत सिमेंट शिकवत नाहीत. ‘घरी जाऊन पुस्तक बघणं’ असं लिहितेस, म्हणजे लिहिताना तू घरी नव्हतीस. आणि ती दुहेरी दुमड मी चूक म्हणून खुणावली, पण तसा टाका घालणारा माणूस मला लहानपणापासून माहीत आहे. आईच्या मशीनवर त्याला मीच बसवलं होतं.

तू कुठे बसून लिहितेस? रिस्पाचं नाही विचारत, तुझं विचारते.

नणंद


१९ मार्च

वन्सं,

बोगद्याच्या तोंडाशी बसलेय. तुम्ही प्रार्थना करून गेलात त्याच्या दुसऱ्या दिवसापासून.

तुम्हाला शब्द दिला होता घरी जाईन म्हणून. गेलेही. संध्याकाळी टिल्लूचे बूट दाराशी दिसले. सहा फुटी धिप्पाड पोरगा, आणि आपण त्याला टिल्लू म्हणत राहिलो. ते बूट उचलून आत ठेवायचे होते फक्त, तेवढं जमेना. सकाळ होताच परत आले. माती कुठेही मातीच, हे तुमचं म्हणणं पाळकांनाही पटलं, ह्यांनाही पटलं. मला पटलं नाही वन्सं. मला माझा मुलगा हवाय, कसाही असला तरी.

हे पाणीखात्याचे लोक तोंड कायमचं बुजवणार आहेत. काँक्रीट ओतून. आत पाणी भरलंय, धोका आहे, शोध आता शक्य नाही म्हणतात. पण बाई वाटेत बसलीय तोवर गाडी आत घालायला ड्रायव्हर तयार होत नाहीत, त्यांनाही आया आहेत. म्हणून दिवसा कागद घेऊन साहेब येतात आणि रात्री गुपचूप गाड्या येऊन बघतात. माझी पाखरं आणि माझी जनावरं ही. दिवसा मी बसते. रात्रीची पाळी तुमच्या भावाची. दुकान करून येतात आणि खुर्चीत बसतात. रात्रीचं ते सगळं प्रकरण ह्यांनी सांगितलेलं आहे, मी फक्त लिहिलं. डोक्यावरची ताडपत्री ह्यांनीच शिवली. टिल्लूच्या हत्यारांच्या पिशवीला ज्या पितळी रिंगा ठोकल्या होत्या, त्यातल्याच उरलेल्या हिला लावल्या. त्या रिंगा तुम्ही चूक म्हणून काटल्यात तेव्हा मी खूप हसले आणि मग खूप रडले.

बाकीच्या सहांच्या घरचे थकले. लांबची माणसं आहेत, पोटं आहेत. एकेक करून गेले.

अर्ज पुष्कळ केले. ते तुमच्याच शहरात, पाणीखात्याच्या मुख्य कचेरीत जातात म्हणे. तिकडून उत्तर नाही. इथल्या इंजिनिअरने आधीच महिनाअखेरची मुदत दिली होती, काल सांगून गेला, महिना संपला की पोलीस आणून मला उचलतील.

आता ओरडा माझ्यावर. पण लवकर ओरडा.

घाई


२४ मार्च

घाईबाई,

पत्र मिळालं.

रिस्पाने केलं ते दाविदाला कळवण्यात आलं, असं शास्त्रात आहे. कोणी कळवलं ते नाही. ती जागा मी उभ्या जन्मात कितीतरी वेळा मोठ्याने वाचली आणि दर वेळी न थांबता पुढे गेले.

बाळ्याला रात्री कानाला गुंडाळायला सांग.

नणंद


३० मार्च

वन्सं,

कमाल आहे तुमची. मी तुम्हाला माझ्या मुलाबद्दल लिहिलं आणि तुम्ही मला शास्त्राच्या कुठल्या ओळीत काय नाही ते कळवलंत. दोन दिवस मी तेच चार शब्द उलटेपालटे करून वाचत होते, कुठे तरी ‘येते’ असेल, कुठे तरी ‘रडू नकोस’ असेल. मिळालं काय, तर कानाला गुंडाळा!

मी तुम्हाला तपासायला कादंबरी पाठवत होते ती पुस्तक व्हावं म्हणून नाही. मला वाटायचं, तुम्ही कधीतरी विचाराल. विचारलंत, मी सांगितलं, आणि तुम्ही पेन्सिल खाली ठेवली नाहीत.

उद्या पोलीस येणार. आज काँक्रीटच्या गाड्या उजेडीच येऊन फाटकाबाहेर उभ्या आहेत, ढोल फिरताहेत. हे दुकान बंद करून दिवसाही आलेत. आम्ही दोघं शेजारी शेजारी बसलोय, लग्नातल्या फोटोत बसलो होतो तसे. कादंबरी बंद. शेवट तुम्हीच लिहा, शास्त्राला धरून.

घाई


२ एप्रिल

घाईबाई,

तुझं तीस तारखेचं पत्र आत्ता हातात पडलं. रागावलीस ते बरोबरच. मला आधी ‘निघाले’ असं लिहिता आलं असतं, पण काम व्हायच्या आत झालं म्हणायची मला सवय नाही.

एकोणीस तारखेचं तुझं पत्र मिळालं त्याच दिवसापासून मी पाणीखात्याच्या मुख्य कचेरीत जाऊन बसत होते. मोठ्या साहेबांच्या दारासमोर एक बाक आहे, अर्ध्या पट्ट्या उखडलेला. शिपाई रोज म्हणे, साहेब मीटिंगमध्ये आहेत. मी म्हणे, असू देत. कारकून म्हणे, आजी, लेखी द्या. मी म्हटलं, लेखी तुमच्याकडे ढीग पडलाय, वाचायला कोणी नाही. मी सांगायला आलेय. ते लोक माझ्यावरून चहाच्या पैजा लावत होते, म्हातारी उद्या येते की नाही. जिंकणारा मला हळूच बिस्किटं आणून द्यायचा.

परवा दुपारी, म्हणजे एकतीसला, साहेब दार उघडून बाहेर आले आणि मी उठून त्यांच्या वाटेतच उभी राहिले. तुझ्या प्रकरणातून शिकले ते. सांगायचं होतं पुष्कळ, पण तोंड उघडलं आणि छापखान्यातलाच सूर लागला. ‘बोगद्याच्या तोंडाशी स्वल्पविराम दिवसा आई स्वल्पविराम रात्री बाप स्वल्पविराम बसलेले आहेत पूर्णविराम.’ कारकून खुदकन हसला. साहेब हसले नाहीत. मग मी सातही मुलांची नावं म्हटली, सावकाश, एकेक. शेवटी टिल्लूचं, त्याच्या खऱ्या नावाने. किती दिवसांनी घेतलं ते!

साहेबांनी फाइल मागवली. त्यात लिहिलेलं होतं, कुटुंबीयांची हरकत नाही, सर्वजण घरी परतले आहेत. त्यांनी मला ते दाखवलं आणि विचारलं, हे खोटं आहे? मी म्हटलं, साहेब, कितीतरी दिवस माझाही असाच समज होता. त्यांच्यावर चिडायला गेले होते, पण चिडता येईना. मीही एकदा प्रार्थना केली आणि गाडीत बसून निघून आले होते.

त्यांनी माझ्यासमोर फोन लावला. काँक्रीट थांबवलं, पोलीसही परत बोलावले. वरच्या बाजूने दुसरी वाट पाडून पाणी उपसायला माणसं पाठवतो म्हणाले. मिळतील असं म्हणाले नाहीत, शोधू म्हणाले. जेवढं म्हणाले तेवढंच तुला सांगते.

माती कुठेही मातीच, हे मी बोलले होते, शास्त्र नव्हे. शास्त्रात त्या बाईला कोणीही घरी जा म्हणालं नाही. एवढं साधं मला दिसलं नाही, आणि मी तुझ्या रिंगा मोजत बसले. माफ कर गं मला.

मी परवाच्या गाडीने येते. एक खुर्ची जास्तीची ठेव.

नणंद


२८ एप्रिल

प्रिय वन्सं,

सलाम. तुम्ही परत गेलात आणि घर फारच शांत झालं. बाकावरची बिस्किटं इथेच विसरलात, हे चहाबरोबर खातात आणि तुमची आठवण काढतात.

सगळं तुमच्या डोळ्यांसमोरच झालं, तरी पुन्हा लिहितेय, कारण लिहिल्याशिवाय मला ते झालं असं वाटत नाही. सातही मिळाले. सातांच्याही घरचे आले. टिल्लूला ह्यांनी ओळखलं, कमरेच्या पिशवीवरून. कापड कुजलं होतं, पितळी रिंगा तशाच होत्या. ह्यांनी खाली बसून एकेका रिंगेवर बोट फिरवलं आणि म्हणाले, माझाच हात आहे हा.

मी काय काय बोलणार होते! तुम्हाला माहीतच आहे, तुम्हीच ती पानं वाचलीत. साहेबांना बोलणार होते, इंजिनिअरला तर धुणारच होते, देवालाही सोडणार नव्हते. सगळं तयार होतं. आणि चादर बाजूला केली तेव्हा माझ्या तोंडून काही आलं नाही. एक शब्दही. नुसता त्याच्या बुटाचा चिखल पुसत राहिले मी. तुम्ही माझा हात धरला होता. तुम्हीही काही बोलला नाहीत, स्वल्पविरामसुद्धा नाही.

काल कादंबरी काढली आणि रिस्पाचं सगळं भाषण कापलं. तुम्ही सांगितलं म्हणून नाही. तुमचं शास्त्र बरोबर होतं वन्सं, ती बोलली नव्हती. मला आता माहीत आहे.

शेवटच्या प्रकरणात हाडं गोळा करतात, तिथेच थांबलेय. पुरली असं लिहिलं नाही. आपल्या टिल्लूला आपण पुरलं, मला तेवढं बस आहे. दाराशी असलेले टिल्लूचे बूट मी आत नेऊन ठेवले. सोमवारपासून बालवाडीत जाईन म्हणते.

सगळी पानं सोबत पाठवतेय. हवी तेवढी पेन्सिल चालवा. फक्त शेवटून दुसऱ्या पानावर एक ओळ मी माझ्या पदरची घातली आहे. ती शास्त्रात नाही, पण विरुद्धही नाही, मी तुमच्यासारखं बोट ठेवून पाहिलंय. राजाला कळवण्यात आलं असं जिथे आहे, तिथे मी लिहिलंय: ‘रिस्पाची एक नणंद होती, ती राजाच्या दाराशी जाऊन बसली.’

तेवढी काटू नका.

तुमची घाई